कॅम्पर उत्तरेला नेण्याची कृती

सर्वप्रथम गाडी ओळखायला शिका. परदेशात कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शौचालय, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. आमच्या नसरापुरात कॅम्पर म्हणजे महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढे दोन ओळींत पाच माणसं, मागे उघडा हौदा. हौद्यात सोमवारी टोमॅटोचे क्रेट, मंगळवारी सिमेंट, लग्नसराईत आचाऱ्याची पातेली, जत्रेत स्पीकर. चेलाडी फाट्यावर कोणी तुम्हाला "कॅम्पर मिळंल का?" असं विचारलं, तर त्याला निसर्ग बघायचा नसतो. त्याला कडबा आणायचा असतो.

हे आधीच सांगतो, कारण आमची सगळी सहल याच गैरसमजातून घडली. मी मोबाइलवर कॅनडाच्या उत्तरेकडची चित्रफीत बघत होतो. बर्फ वितळायला लागलेलं, एक नवरा-बायको कॅम्पर घेऊन महिनाभर रानावनातून चाललेले, दिवसच्या दिवस समोर माणूस नाही. मी म्हटलं, "दाजी, एकदा असं कॅम्परनं उत्तरेला गेलं पाहिजे." दाजी भाताच्या पोत्यांचा हिशोब करत होते. मान वर न करता म्हणाले, "जाऊ की. कॅम्पर दारातच हाय. भाडं कोन देतंय, मेव्हणं?"

भाडं कोणीच देणार नव्हतं. रिकामी गाडी न्यायची आणि रिकामी आणायची, हे दाजींना पटवायला मला आठ दिवस लागले. नवशिक्यांनी पंधरा धरावेत.

साहित्य

एक कॅम्पर, शक्यतो दुसऱ्याची. एक दाजी. ताडपत्री. दोन घोंगड्या (रजई ओली झाली की संपली, घोंगडी ओली झाली तरी ऊब देते, मेंढक्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही). कुकर. इंद्रायणी तांदूळ, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, खर्डा. आणि दोर. दोराबद्दल तडजोड करू नका. आमचा निळा, नायलॉनचा, चाळीस फुटी होता. बाकी सगळं वाटेत विकत मिळतं, दोर लागतो तेव्हा दुकान नसतं.

स्वेटरची गोष्ट वेगळी. निघायचं ते वसंताच्या आरंभी, आणि उत्तरेतला वसंताचा आरंभ म्हणजे आपला मार्च. त्या दिवसांत वेल्ह्याकडे पळस आणि पांगारा लालभडक झालेले असतात, शेतकरी राब भाजत असतात आणि नसरापूरच्या पेठेत दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा हवेत स्वेटर मागायला गेलात तर दुकानदार तुमच्या बरोबरच्या माणसाकडे बघतो आणि हळूच विचारतो, "यांना बरं नाही का?" पुण्यात दर हिवाळ्याला येणारे तिबेटी स्वेटरवालेही तोवर दुकानं आवरून गेलेले असतात. तेव्हा ट्रंक उघडा, डांबरगोळ्यांच्या वासासकट जे सापडेल ते घ्या.

माणसं कमी घ्या. हा सल्ला जुना आहे. आमच्या नसरापूरच्या बनेश्वरचं देऊळ १७४९ मध्ये बांधवून घेतलं नानासाहेब पेशव्यांनी. त्यांच्याच कारकिर्दीत मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब उत्तरेला निघाले, तेव्हा लढणाऱ्यांबरोबर यात्रेकरू आणि बायकापोरंही फार निघाली होती. पुढे जानेवारीत पानिपतावर थंडीने आणि भुकेने काय केलं ते आपल्याला पाठ आहे. तरीही आमची बातमी फुटताच आळीतली सातजणं तयार झाली, कारण आपल्याकडे उत्तर म्हणजे काशी. आम्ही हिमाचलातल्या स्पितीला निघालोय, काशी त्या वाटेवर नाही, हे सांगून उपयोग झाला नाही. शेवटी सातही जणांना घरी ठेवलं, पण त्यांतल्या मावशींनी गडू दिलाच. "जाताच आहात तर गंगा भरून आणा."

कागदपत्रं

मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवणं कायद्यात बसत नाही. हौद्यावर पत्र्याची खोली उठवून आत पलंग टाकायचा विचार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. मंजुरीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण त्यातली कॅराव्हॅन आणि दाजींची कॅम्पर यांची सोयरीक जुळत नाही. म्हणून चालत्या गाडीत आम्ही पुढे केबिनमध्ये बसलो आणि गाडी उभी असताना हौद्यात ताडपत्रीखाली झोपलो. उभ्या गाडीतल्या झोपेवर अजून कलम नसावं.

रस्ता

हा भाग सोपा आहे. चेलाडी फाट्याला हायवेवर या आणि पुण्याकडे तोंड करा. हाच राष्ट्रीय महामार्ग ४८ मुंबई, सुरत, अहमदाबाद, उदयपूर, जयपूर करत थेट दिल्लीला जातो. ज्या रस्त्यावर आपण वडापची वाट बघत उभे असतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला दिल्ली आहे, हे माझ्या तरी पस्तिशीपर्यंत लक्षात आलं नव्हतं. दिल्लीहून चंदीगड, सिमला. तिथून राष्ट्रीय महामार्ग ५ सतलजच्या काठाने किन्नौरमध्ये नेतो. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते, तिथे डाव्या हाताला वळून स्पितीचा काठ धरायचा, तो काझापर्यंत. एकूण सव्वादोन हजार किलोमीटरच्या वर. त्यातला पहिला टोल खेड-शिवापूरला, पहिल्या पंधरा मिनिटांत. त्यावर नसरापूरकर जे बोलतो ते बोलून घ्या, मन हलकं होतं.

हिमालयातल्या गाडीचा पहिला धडा मात्र हिमालयात नाही. तो नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतच्या उतारावर आहे. डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रलला टाकणारे, कधी इंजिनच बंद करणारे ड्रायव्हर आपण पाहिलेत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत संपते, आणि सतत दाबलेला ब्रेक तापून कामातून जातो. जो गिअर चढायला लागतो त्याच गिअरवर उतरा. हे नवले पुलावर समजलं असेल तर नारकंड्याच्या उतारावर कोणी समजवायला नको. नसेल समजलं, तर नवले पुलावरूनच यू-टर्न घ्या.

नारकंड्यापर्यंतच्या चार दिवसांत सांगण्यासारखं काही घडत नाही. दिल्लीच्या वेशीवर दाजी सगळ्या ट्रकांकडे बघून एकदाच म्हणाले, "सगळे भरलेत. आपणच रिकामे."

उंची

आपल्याला डोंगराचा गर्व असतो. लहानपणापासून तोरणा चढलेला माणूस 'विरळ हवा' वगैरे ऐकून हसतो. तोरणा पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला, १,४०३ मीटर. काझा गाव सुमारे ३,७०० मीटरवर आहे. म्हणजे तोरण्यावर तोरणा ठेवा, त्यावर आणखी अर्ध्याहून जास्त तोरणा ठेवा, मग काझाची चहाची टपरी लागते.

यावर उपाय एकच, हळू जाणे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आम्ही कल्प्याला दोन रात्री काढल्या, मग ताबोला (तिथला बौद्ध मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंती, आत उजेड कमी आणि चित्रं अफाट), मग काझा. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर वर चढायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं. यात मर्दानगी आणू नका. दाजींनी आणली होती. नाकोला थांबून गाडीला धक्का मारायला उतरले आणि दगडावर बसून राहिले. मग स्वतःच म्हणाले, "शंभर किलोची पोती उचलतो मी. आन् आज आपल्याच अंगाचं वझं झालंय."

गाडीची पथ्यं

नसरापूरच्या गाडीला बर्फ माहीत नसतं. तिला समजावून न्यावं लागतं.

आपल्यातले बरेचजण रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओततात. तिकडे ते रात्री गोठतं, फुगतं आणि इंजिनला तडा देतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी घाला. डिझेलचंही तेच. कडाक्यात त्यातलं मेण सुटायला लागतं, ते फिल्टरमध्ये अडकतं आणि गाडी नुसती खोकते. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहील असं हिवाळी डिझेल आणलं. हायवेवरच्या आपल्या पंपाला असल्या डिझेलचं काय काम? म्हणून खालून टाकी काठोकाठ भरून नेण्याची हौस करू नका, वाटेत थोडं थोडं भरत जा. एका सकाळी आमची गाडी अशीच खोकली. जुने ड्रायव्हर रॉकेल मिसळायला सांगतात, नव्या इंजिनात ते करू नका. टाकीखाली जाळ करायला सांगणारेही भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. गरम पाण्यात पिळलेली फडकी फिल्टरला गुंडाळा आणि उन्हाची वाट बघा. अकरा वाजता गाडी चालू झाली.

रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून तसाच बसतो. गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. हे मात्र आपल्याला शिकवायला नको.

निघायची वेळ हा मोठा वादाचा विषय आहे. भल्या पहाटे रस्त्यावर काचेसारखं बर्फ असतं, दिसतही नाही. दुपारी ऊन तापलं की कड्यातलं बर्फ सुटतं आणि वरून दगड यायला लागतात, ओढ्यांचं पाणीही वाढतं. म्हणजे चांगलं उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतचा वेळ आपला. उरलेला दिवस चहाचा.

स्वयंपाक

काझाच्या उंचीवर पाणी सुमारे ८८ अंशांनाच उकळतं. भांड्यात बुडबुडे येतात, वाफ येते, सगळा देखावा होतो, पण तांदूळ शिजत नाही. आम्ही पहिल्या रात्री उघड्या पातेल्यात इंद्रायणी लावला. पाऊण तासाने वरून लगदा आणि आतून खडा. आंबेमोहोराच्या मुलखातल्या माणसाला असा भात खावा लागणं ही शिक्षा आहे. कुकर लावा. तूरडाळ तर कुकरशिवाय मनातही आणू नका.

गॅसही दगा देतो. सिलिंडरमधला ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचं नाकारतो, ज्योत काडेपेटीच्या काडीएवढी होते. सिलिंडर रात्री घोंगडीत गुंडाळून ठेवा. आम्ही दोघांनी एकेक घोंगडी घेतली असती तर सिलिंडर उघडा पडला असता. म्हणून एक घोंगडी सिलिंडरला दिली आणि एकीत आम्ही दोघं. दाजींना घोरण्याचा त्रास आहे. म्हणजे त्रास मला आहे.

इथे चेष्टा बाजूला ठेवून एक गोष्ट. ताडपत्री बंद करून आत शेगडी किंवा कोळसे ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, जाग येत नाही. थंडी फारच असेल तर गावात घर शोधा. स्पितीत घराच्या मधल्या खोलीत लोखंडी बंब पेटलेला असतो, धुराडं छतातून बाहेर काढलेलं असतं, सगळं घर त्याभोवती बसतं. नळ गोठलेले असतात, त्यामुळे संडास कोरडा, मातीचा. वरून माती लोटायची, पुढे त्याचं खत शेतात जातं. आपल्याकडच्या फरशीवाल्या संडासाला सरावलेल्यांनी एकदा पाहावा.

निर्जन जागा निवडणे

आता मुख्य विषय. एवढ्या लांब आलात ते कशासाठी? कोणी नसेल अशा जागेसाठी.

ताबोच्या पुढे मला ती सापडली. रस्त्याच्या खाली नदीकाठी एक सपाट, पांढरी, कोरी जागा. ना घर, ना कुंपण, ना पाऊल उमटलेलं. वर पिवळसर डोंगर, खाली नदीचा निळा धागा. मी म्हटलं, "दाजी, इथंच." दाजी म्हणाले, "कुनाची हाय इचार की." मी म्हटलं, "कुणाची असणार? इथे माणूसच नाही." गाडी रस्त्यावरून खाली घेतली. पन्नास फुटांवर पुढचं डावं चाक खचकन खाली गेलं आणि गाडी एका कुशीवर कलली.

दहा मिनिटांत माणूस आला. कुठून आला ते आजही सांगता येणार नाही. त्याने शांतपणे सांगितलं की हे त्याचं मटारचं शेत आहे आणि चाक त्याच्या कुलात गेलंय. कूल म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी डोंगरावरून शेतात आणणारा पाट. बर्फ उतरलं की आठ-पंधरा दिवसांत तो साफ करायला घेणार होता. त्यावर दाजींचं हिंदी: "हमको क्या मालूम भाऊ, सगळाच पांढरा हाय."

माणूस गेला आणि गाडी घेऊन आला. पांढरी. बोलेरो कॅम्पर. हौद्याला आमच्यासारखीच दोन ठिकाणी वेल्डिंगची ठिगळं. दाजींच्या चेहऱ्यावर सव्वादोन हजार किलोमीटरमध्ये पहिल्यांदा आनंद दिसला. आमचा निळा दोर दोन्ही गाड्यांना बांधला, पाटाच्या कडेला दगड रचले आणि तिसऱ्या झटक्याला गाडी वर आली. पैसे काढले तर त्याने घेतले नाहीत. त्याने फक्त आमच्या हौद्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, काय माल आणलाय?

काही नाही, म्हटलं. फिरायला आलोय.

त्याला समजलं नाही. परत विचारलं. एवढ्या लांबून? रिकामी? मी दाजींकडे बघितलं. दाजींनी मान खाली घातली होती.

पुढचा तासभर ते दोघं बोनेटवर बसून बोलत होते. मटार ऑगस्टमध्ये निघतो, बाकीच्या बाजारात मटार संपलेला असतो म्हणून भाव मिळतो, पण रस्ता बंद पडला की गाडीतच माल जातो. दाजींनी टोमॅटोचं सांगितलं, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात एका पहाटे भाव मिळतो आणि दुसऱ्या पहाटे क्रेटचं भाडंही सुटत नाही ते सांगितलं. त्याने कुंझुम खिंड कधी उघडते ते सांगितलं, दाजींनी वरंध घाट पावसात कसा बंद असतो ते. मी निर्जनतेचे फोटो काढत होतो. प्रत्येक फोटोत हे दोघं येत होते.

परत फिरणे

कुंझुम ओलांडून मनालीला उतरायचा मोह होईल, कारण आल्या वाटेने परत जाणं मराठी माणसाला अपमानास्पद वाटतं. पण खिंड साधारण मे अखेर किंवा जूनमध्ये उघडते. मार्चमध्ये तिकडे पाटी बघायलाही जाऊ नका. आल्या वाटेने परत या.

रिकाँग पिओला दाजींनी गाडी थांबवली आणि दोन तास गायब झाले. आले ते किन्नौरी राजम्याची सहा पोती आणि वाळवलेल्या जर्दाळूंच्या पिशव्या घेऊन. पावतीसकट. ताडपत्री ओढली, दोर आवळला आणि तिथपासून चेलाडीपर्यंत शीळ घालत गाडी चालवली.

घाई होती, कारण चैत्रात गावची जत्रा आणि जत्रेला कॅम्पर आधीच बोललेली. या घाईत मावशींचा गडू रामपूरच्या पुढे आठवला. भरला. त्या गडूत गंगा नाही, सतलज आहे, हे इथे पहिल्यांदाच जाहीर करतो. पण सतलज मानसरोवराच्या बाजूने येते, तेव्हा मावशींनी मनाला लावून घेऊ नये.

जत्रा झाली. राजमा भोरमध्ये खपला, नसरापुरात नाही. आणि गेल्या रविवारी आम्ही वेल्ह्याकडून येत होतो, तर मार्गासनीच्या अलीकडे दाजींच्या चुलत्यांच्या खाचरात एक खरीखुरी कॅम्पर उभी. पलंगवाली, पडद्यावाली, पुण्याची. पुढचं डावं चाक बांधाकडेच्या चरात. शेजारी एक जोडपं खुर्च्या टाकून, हतबल. दाजी उतरले, काही न बोलता हौद्यातला दोर काढला, बांधला, एका झटक्यात गाडी बाहेर काढली. ते म्हणाले, "सॉरी काका, आम्हाला वाटलं इथे कोणाचं काही नाही." दाजींनी विचारलं, "माल काय आणलाय?"

या गडबडीत आमचा दोर त्यांच्याच गाडीला राहिला. निळा, नायलॉनचा, चाळीस फुटी, एका टोकाला लाल चिंधी बांधलेली. वाचकांपैकी कोणाला तो दिसला, तर कृपया चेलाडी फाट्यावर कुठल्याही चहावाल्याकडे ठेवावा. दाजींचा म्हणून सांगितलं की पोचतो.